शेअरचा भाव म्हणजेच कंपनीची प्रतिष्ठा का? महाड एमआयडीसीच्या उदाहरणातून समजून घ्या

शेअरचं ॲप उघडलं की काय दिसतं? कंपनीचं नाव, हिरवा किंवा लाल आकडा आणि वर-खाली जाणारी एक रेघ. बरेच जण एवढ्यावरच ठरवून मोकळे होतात. रेघ वर चाललीय म्हणजे कंपनी चांगली, खाली आलीय म्हणजे काहीतरी गडबड.

महाड-पोलादपूरकडच्या वाचकांसाठी हा विषय जरा जास्त जवळचा आहे. मुंबई-गोवा हायवेवर या दोन गावांच्या मधल्या पट्ट्यात महाड एमआयडीसी आहे. ब्लू जेट हेल्थकेअर, लक्ष्मी ऑरगॅनिक, प्रिवी स्पेशालिटी केमिकल्स, सुदर्शन केमिकल या कंपन्यांचे कारखाने इथे आहेत आणि या सगळ्या शेअर बाजारात लिस्टेड आहेत. म्हणजे एकाच घरातला एक भाऊ शिफ्टला कारखान्यात जातो आणि दुसरा त्याच कंपनीचा शेअर फोनवर घेतो, असं सहज होऊ शकतं. दोघांनाही कंपनी 'चांगली' हवी असते, पण दोघांचा चांगलीचा अर्थ एकच असतो का?

कंपनीची प्रतिष्ठा म्हणजे काय, शेअरहोल्डरचं हित कशात असतं, या दोन्हींचा भावाशी किती संबंध असतो आणि हे सगळं फोनवरून कसं तपासायचं, ते या लेखात बघूया.

कंपनीची प्रतिष्ठा म्हणजे नक्की काय?

प्रतिष्ठा म्हणजे कंपनीबद्दल लोकांना वाटणारा विश्वास. पण 'लोक' म्हणजे कोण, यावर सगळं अवलंबून आहे. साधारण चार गट धरता येतात.

१. गिऱ्हाईक : माल वेळेवर आणि ठरल्या दर्जाचा मिळतो का?
२. पैसे देणारे, म्हणजे बँका आणि गुंतवणूकदार : हिशेब खरे आहेत का, कर्ज वेळेत फिटतं का?
३. कामगार : पगार, सुरक्षा आणि अपघात झाला तर जबाबदारी.
४. शेजारी : नदी, विहीर, हवा आणि रात्री येणारा वास.

पहिल्या दोन गटांचा विश्वास उडाला की नफा कमी होतो, आणि तो आकड्यात लगेच दिसतो. तिसऱ्या आणि चौथ्या गटाचा विश्वास उडाला तरी तिमाही निकालात फरक पडेलच असं नाही. महाडची एक घटना बघितली की हे नीट कळतं.

शेअरहोल्डरचं हित म्हणजे काय?

एक शेअर घेतला तरी तुम्ही त्या कंपनीचे तेवढ्यापुरते मालक होता. त्यातून चार गोष्टी मिळतात : भाव वाढला तर फायदा, जाहीर झाला तर लाभांश, सभेत मत देण्याचा हक्क आणि कंपनीकडून माहिती मिळण्याचा हक्क. ॲपवर ठळकपणे दिसतात त्या पहिल्या दोनच. उरलेल्या दोन मेनूत कुठेतरी आत असतात किंवा ॲपमध्ये नसतातच. म्हणून बहुतेकांना त्या आहेत हेही माहीत नसतं.

महाडची केस : लिस्टिंग आणि स्फोट, मध्ये फक्त दोन दिवस

ब्लू जेट हेल्थकेअर ही औषध उद्योगाला लागणारी रसायनं बनवणारी कंपनी. सीटी स्कॅन आणि एमआरआयच्या वेळी जे कॉन्ट्रास्ट औषध देतात, त्यासाठी लागणारे घटक आणि सॅकरिनसारखे गोड पदार्थ हे तिचं मुख्य काम. शहाड, अंबरनाथ आणि महाड इथे तिचे कारखाने.

कंपनीचा आयपीओ २५ ते २७ ऑक्टोबर २०२३ या तीन दिवसांत झाला. शेअरची वरची किंमत ३४६ रुपये आणि एका लॉटमध्ये ४३ शेअर. म्हणजे एका अर्जाला १४,८७८ रुपये. सगळा इश्यू सुमारे ८४० कोटींचा होता आणि मागणी त्याच्या जवळजवळ आठपट आली. १ नोव्हेंबरला, बुधवारी, शेअर लिस्ट झाला तो इश्यू किमतीच्या वर, एनएसईवर ३८० रुपयांना. ज्यांना शेअर लागले त्यांच्या फोनवर हिरवा आकडा आला.

३ नोव्हेंबरला, शुक्रवारी सकाळी, महाड एमआयडीसीतल्या याच कंपनीच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली. ११ कामगार आत सापडले. एनडीआरएफची टीम आली, शोधकार्य दुसऱ्या दिवशीही चालूच होतं. या ११ जणांचा जीव गेला. दिवाळी जेमतेम आठवड्यावर आली होती.

आता आयपीओकडे परत बघा. हा इश्यू पूर्णपणे 'ऑफर फॉर सेल' होता. नवे शेअर काढून कंपनीसाठी पैसा उभा केलेला नव्हता. प्रवर्तकांनी, म्हणजे प्रमोटर कुटुंबाने, स्वतःकडचे सुमारे १४ टक्के शेअर विकले आणि पैसे त्यांच्याकडे गेले. हे बेकायदा अजिबात नाही, अनेक आयपीओ असेच असतात आणि प्रॉस्पेक्टसमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं असतं. पण 'आपण आयपीओत पैसे टाकले म्हणजे कारखान्यात पैसे गेले' असं ज्यांना वाटतं, त्यांनी एवढी एक ओळ वाचायलाच हवी.

पुढे भावाचं काय झालं? २०२५च्या मध्यापर्यंत हा शेअर इश्यू किमतीच्या दुपटीहून वर गेला होता. ज्याने ४३ शेअर धरून ठेवले, त्याचे पैसे दुप्पट झाले. रेघ बघणाऱ्याला २०२३चा नोव्हेंबर त्या चार्टवर शोधूनही सापडणार नाही.

मग भाव सावरतो कसा?

यात बाजाराचा कट वगैरे काही नाही. शेअरचा भाव एकाच प्रश्नाचं उत्तर देत असतो : ही कंपनी पुढे किती नफा कमावेल? कारखान्यात अपघात झाला की बाजार हिशेब करतो. उत्पादन किती दिवस बंद राहील? दुसऱ्या युनिटमधून माल काढता येईल का? नुकसान विम्यातून भरून निघेल का? गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल की थांबेल? या प्रश्नांची उत्तरं बरी असली की भाव सावरतो.

औषधाच्या घटकांमध्ये तर गिऱ्हाईक सहसा पटकन बदलत नाही. औषध कंपनीने एकदा पुरवठादार तपासून नोंदवला की दुसरा शोधून त्याची मंजुरी घ्यायला बराच वेळ जातो.

या हिशेबात माणसाच्या जिवाचा रकाना नसतो. बाजार क्रूर आहे म्हणून तो रकाना नाही असं समजू नका. भाव ते मोजण्यासाठी बनलेलाच नाही. थर्मामीटरने ताप कळतो, रक्तदाब कळत नाही. त्यासाठी वेगळं यंत्र लागतं.

प्रतिष्ठा गेल्यावर भाव कोसळतो तो कधी?

विश्वास हिशेबावरचा असेल तेव्हा. सत्यम कॉम्प्युटरची केस प्रसिद्ध आहे. ७ जानेवारी २००९ला अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केलं की कंपनीचे हिशेब हजारो कोटींनी फुगवलेले आहेत. त्या एका दिवसात शेअर सुमारे ७८ टक्के पडला. कारण सोपं आहे. नफ्याचा आकडाच खोटा निघाला तर भावाला आधारच उरत नाही.

सत्यम आणि महाड शेजारी ठेवून बघा. एका ठिकाणी कागदावरचे पैसे गेले आणि भाव एका दिवसात झोपला. दुसरीकडे ११ माणसं गेली आणि भाव पुढच्या दोन वर्षांत दुप्पट झाला. म्हणून 'भाव वर आहे म्हणजे कंपनी चांगली आहे' हे वाक्य अर्धवट आहे. भाव वर असेल तर एवढंच म्हणता येतं की नफ्याची आशा चांगली आहे.

काही वेळा प्रतिष्ठा मशिनरीबरोबर येते

दुसरं उदाहरण लक्ष्मी ऑरगॅनिकचं. महाडला मोठा कारखाना असलेल्या या कंपनीचा ६०० कोटींचा आयपीओ मार्च २०२१ मध्ये १३० रुपयांना आला. त्याच वर्षी भाव ६०० रुपयांच्या वर जाऊन आला आणि नंतर बराच खाली उतरला. त्या चढउतारात एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटली.

इटलीत विचेन्झाजवळ मिटेनी नावाचा रसायन कारखाना होता. पीएफएएस म्हणजे वर्षानुवर्षं न विघटणारी रसायनं तिथे बनत. त्या भागातलं भूजल दूषित झालं. २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोर झाली. जून २०२५ मध्ये तिथल्या कोर्टाने कंपनीशी संबंधित ११ माजी अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं. या मिटेनीची मशिनरी आणि तंत्रज्ञान २०१९ मध्ये लिलावात लक्ष्मी ऑरगॅनिकच्या उपकंपनीने घेतलं. ते उभारायचं ठिकाण ठरलं लोटे परशुराम, म्हणजे पोलादपूरहून कशेडी घाट उतरून खेडच्या पुढे गेलं की लागणारी एमआयडीसी. आयपीओतले काही पैसेही याच प्रकल्पासाठी होते.

इटलीत झालं ते लोट्याला होईलच, असा याचा अर्थ नाही. मशिनरी तीच असली तरी सांडपाणी प्रक्रिया, नियम आणि देखरेख यावर बरंच काही ठरतं. मुद्दा इतकाच की ही माहिती गुप्त नव्हती. मिटेनीचं नाव प्रॉस्पेक्टसमध्येच होतं. ते वाचलं असतं तर शेअरहोल्डरला २०२१ मध्येच विचारता आलं असतं : सांडपाण्याचं काय करणार? पीएफएएसची तपासणी कोण करणार?

फोनवरून कसं तपासायचं? पाच ठिकाणं

१. प्रॉस्पेक्टसमधलं 'रिस्क फॅक्टर्स'
आयपीओ येण्याआधी सेबीच्या साइटवर आणि एक्सचेंजवर पीडीएफ मिळते. शेकडो पानांची असते, सगळी वाचायची गरज नाही. 'ऑब्जेक्ट्स ऑफ द ऑफर' मध्ये पैसे कुठे जाणार ते बघा. मग 'रिस्क फॅक्टर्स' मध्ये अपघात, घातक रसायनं, चालू असलेले खटले आणि प्रदूषण मंडळाच्या नोटिसा शोधा. फोनवर पीडीएफ उघडून भिंगाच्या चिन्हावर टॅप केलं की शब्द शोधता येतो.

२. एक्सचेंजवरच्या घोषणा
एनएसई किंवा बीएसईच्या साइटवर कंपनीचं नाव टाका आणि 'अनाउन्समेंट्स' उघडा. सेबीच्या एलओडीआर नियमांतला नियम ३० सांगतो की महत्त्वाची घटना कंपनीने एक्सचेंजला कळवलीच पाहिजे. कंपनीच्या आतली घटना असेल तर १२ तासांत, बाहेरून आलेली असेल तर २४ तासांत. बोर्डाच्या बैठकीतल्या निर्णयांसाठी मुदत याहून कमी असते. व्हॉट्सॲपवर काही आलं की आधी इथे बघायची सवय लावा.

३. वार्षिक अहवालातलं बीआरएसआर
बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून हा अहवाल बंधनकारक आहे. यात कारखान्यातल्या जखमा आणि मृत्यू यांचा तक्ता असतो, चालू वर्षाचा आणि मागच्या वर्षाचा. कंत्राटी कामगारही त्यात धरायचे असतात. पाणी किती वापरलं, कचरा किती निघाला हेही असतं. पीडीएफमध्ये 'फॅटॅलिटीज' हा शब्द इंग्रजीत शोधलात की थेट त्या पानावर जाल. भावाच्या रेघेत नसलेला रकाना तो हाच.

४. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
कारखान्याला चालवायला या मंडळाची संमती लागते. किती सांडपाणी सोडायचं आणि कसं, याच्या अटी संमतीपत्रात असतात. सावित्री महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूरवरून महाडला येते, त्यामुळे इथल्यांसाठी हा कागद शेअर नसला तरी कामाचा आहे.

५. शेअरहोल्डिंग पॅटर्न
दर तिमाहीला एक्सचेंजवर येतो. प्रमोटरकडे किती टक्के आहेत, त्यांनी शेअर गहाण ठेवलेत का, म्युच्युअल फंड आत येतायत की बाहेर जातायत, हे इथे कळतं.

सीएसआरच्या फोटोंवर मात्र फार भरवसा ठेवू नका. कंपनी कायद्यानुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावीच लागते. शाळेत वह्या वाटल्या ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यावरून कारखान्यातला सेफ्टी व्हॉल्व्ह तपासला की नाही ते कळत नाही.

छोट्या शेअरहोल्डरच्या मताला किंमत आहे का?

याचं उत्तर प्रमोटरकडे किती शेअर आहेत त्यावर अवलंबून असतं. विशेष ठराव मंजूर व्हायला पडलेल्या मतांपैकी ७५ टक्के मतं लागतात, साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त. ब्लू जेटच्या आयपीओनंतर प्रमोटरकडे सुमारे ८६ टक्के होते. म्हणजे बाकी सगळ्यांनी एकत्र विरोधात मत दिलं तरी बहुतेक ठराव मंजूरच झाले असते. अपवाद संबंधित पक्षांशी होणाऱ्या मोठ्या व्यवहारांचा. तिथे त्या पक्षांना ठरावाच्या बाजूने मत देता येत नाही. शिवाय अशा कंपनीला ठराविक मुदतीत जनतेचा वाटा २५ टक्क्यांवर न्यावा लागतो, त्यामुळे हे चित्र हळूहळू बदलतं.

प्रमोटरचा वाटा कमी असेल तर मत जड होतं. जुलै २०१४ मध्ये टाटा मोटर्सच्या शेअरहोल्डरांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या पगाराचे ठराव अडवले. ७५ टक्के मतं मिळाली नाहीत म्हणून ते नामंजूर झाले. अमेरिकेत मे २०२१ मध्ये 'इंजिन नंबर वन' या छोट्या फंडाने एक्सॉनमोबिलसारख्या अवाढव्य तेल कंपनीच्या बोर्डावर आपले तीन उमेदवार निवडून आणले. त्या फंडाकडे एक्सॉनचे जेमतेम ०.०२ टक्के शेअर होते. मोठ्या पेन्शन फंडांना त्यांनी पटवून दिलं, म्हणून ते जमलं.

आणि मत हरलं तरी प्रश्न राहतो. लिस्टेड कंपनीला ई-व्होटिंगची सोय द्यावीच लागते. सभेच्या किमान २१ दिवस आधी नोटीस तुमच्या नोंदवलेल्या ईमेलवर येते. सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या लॉगिनवरून फोनवर मत देता येतं. बऱ्याच कंपन्यांची वार्षिक सभा आता व्हिडिओवर होते. नोटिशीत दिलेल्या पत्त्यावर आधी नाव नोंदवलं तर एक शेअर असलेल्या माणसालाही अध्यक्षांना प्रश्न विचारता येतो. 'मागच्या वर्षी महाड युनिटमध्ये किती अपघात झाले आणि सुरक्षेवर किती खर्च केला?' हा प्रश्न बिरवाडीतून किंवा पोलादपुरातून विचारायला मुंबईची गाडी पकडायची गरज नाही.

बनावट प्रतिष्ठेपासून सावध

फोनवर जशी खरी माहिती येते तशी खोटीही येते. एप्रिल २०२४ मध्ये एनएसईने जाहीर इशारा दिला की त्यांचे प्रमुख आशिषकुमार चौहान यांचे डीपफेक व्हिडिओ फिरतायत आणि त्यात ते शेअर सुचवताना दिसतात. मार्च २०२३ मध्ये सेबीने साधना ब्रॉडकास्टच्या शेअरबाबत आदेश काढला. यूट्यूबवर खोट्या बातम्यांचे व्हिडिओ टाकून भाव चढवला आणि मग आपले शेअर विकले, असा तो प्रकार होता. टेलिग्रामवर कुणी कंपनीचे गोडवे गात असेल तर एकच प्रश्न विचारा : एक्सचेंजवर याची घोषणा आहे का?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

अपघात झालेल्या कंपनीचा शेअर घेणं चुकीचं आहे का?
हा निर्णय तुमचा. घेण्याआधी पुढच्या दोन वर्षांचा बीआरएसआर तक्ता बघा. सुरक्षेवर काम झालं असेल तर तिथे दिसायला हवं.

मी फक्त नफ्यासाठी शेअर घेतो. मला हे सगळं कशाला?
उत्पादन थांबवण्याचा आदेश, कोर्टाची भरपाई, रद्द झालेली संमती हे सगळं शेवटी शेअरहोल्डरच्या खिशातून जातं. मिटेनी तर बुडालीच. भाव धोका उशिरा सांगतो, कागद आधी सांगतात.

माहिती खोटी किंवा अपुरी वाटली तर तक्रार कुठे करायची?
सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर. त्याचं मोबाइल ॲपही आहे. तक्रारीवर कारवाईचा अहवाल देण्यासाठी कंपनीला २१ दिवसांची मुदत असते.

प्रदूषणाची तक्रारही सेबीकडे करायची का?
नाही. ती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. कंपनीने ती बाब शेअरहोल्डरांपासून लपवली असेल, तर तेवढा भाग सेबीचा.

थोडक्यात

भाव रोज बघा, त्यात वाईट काही नाही. पण वर्षातून एकदा, वार्षिक अहवाल आला की, दहा मिनिटं काढून तो तक्ताही उघडा. शिफ्टला जाणाऱ्या भावाची नोंद असलीच तर त्याच पानावर असते. आणि तिथे शून्याच्या जागी दुसरा आकडा दिसला, तर सभेत प्रश्न विचारायला तुमचा एक शेअर पुरेसा आहे.